झाकलं म्हणजे पुसलं का? चित्राचा भाग लपवण्याची सव्वाशे वर्षं



समजा, तुम्ही घरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ एडिट करताय. बारसं म्हणा किंवा वास्तुशांत. एका शॉटमध्ये मागे शेजाऱ्यांच्या गाडीची नंबर प्लेट आली आहे. दुसऱ्या शॉटमध्ये एक पाहुणे आहेत, ज्यांनी आधीच सांगितलं होतं, "मला त्यात घेऊ नका बरं का." तुम्ही काय करता? मोबाईलवरच्या ॲपमध्ये एक चौकोन घेता, त्या जागी नेऊन ठेवता, ब्लर निवडता आणि सेव्ह करता. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता हेच चित्र थोडं बदलू. तुम्ही पीएचडीला प्रवेश घेतलाय. फील्डवर्कसाठी एका गावात गेलात, बचत गटाच्या बैठकीचं चित्रीकरण केलं. बायका मोकळेपणाने बोलल्या. कर्जाबद्दल, नवऱ्याच्या दारूबद्दल, सरपंचाबद्दल. संमतीपत्रात तुम्ही लिहून दिलंय की कुणाचीही ओळख उघड होणार नाही. परिषदेत दोन मिनिटांची क्लिप दाखवायची आहे. तुम्ही पुन्हा तोच चौकोन घेता आणि तोच ब्लर लावता. फरक एवढाच, की हा चौकोन फसला तर त्याची किंमत तुम्ही नाही, ती बाई मोजणार.

आजच्या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. चित्रातला भाग झाकणं आणि चित्रातला भाग पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. गंमत म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीला ती वेगळी नव्हती. ती कधी आणि कशी वेगळी झाली, हे एकदा समजलं की एडिटिंग ॲपमधलं प्रत्येक बटण नेमकं काय करतं हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. म्हणून थोडं मागे जाऊ या.

काळं म्हणजे रिकामं

जॉर्ज मेलिएस हा पॅरिसचा जादूगार. रॉबर्ट-हुदँ नावाचं जादूच्या प्रयोगांचं थिएटर त्याने १८८८ मध्ये विकत घेतलं होतं. डिसेंबर १८९५ मध्ये ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये सिनेमाचा खेळ केला आणि मेलिएस या नव्या यंत्राच्या मागे लागला. १८९८ मधल्या त्याच्या एका छोट्या चित्रपटात तो स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवतो, त्याला नवं डोकं येतं, तेही काढून ठेवतो. शेवटी पडद्यावर त्याची चार डोकी असतात आणि सगळी जिवंत!

हे कसं केलं, ते समजून घेण्यासाठी फिल्मचं रसायनशास्त्र थोडं आठवा. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश पडला की तिथे बदल होतो, नाही पडला की थर कोरा राहतो. मेलिएसने मागे काळा पडदा लावला. काळ्या पडद्यावरून प्रकाश जवळपास परत येतच नाही. म्हणजे फिल्मच्या त्या भागाच्या दृष्टीने अजून काहीच घडलेलं नाही. मग फिल्म मागे गुंडाळायची आणि त्याच कोऱ्या जागेत दुसरं दृश्य टिपायचं. यालाच डबल एक्सपोजर म्हणतात.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. मेलिएसने जो भाग "लपवला", त्याची माहिती फिल्मवर कुठेच नव्हती. थर खरवडा, भिंगाखाली बघा, रसायनात बुडवा, काही सापडणार नाही. झाकणं आणि पुसणं तेव्हा एकच होतं. किंबहुना पुसायचीही गरज नव्हती, कारण लिहिलंच गेलं नव्हतं.

१९०३ मध्ये अमेरिकेत एडविन पोर्टरने 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' काढला. त्यात तारघराच्या खोलीला खिडकी आहे आणि खिडकीतून बाहेर येऊन थांबणारी रेल्वे दिसते. खोली स्टुडिओतली, रेल्वे बाहेरची. खोलीचं चित्रण करताना खिडकीची जागा काळी ठेवली, नंतर त्या जागेत रेल्वे टिपली. जो आकार प्रकाश अडवतो त्याला सिनेमाच्या धंद्यात 'मॅट' म्हणतात. आज तुमच्या ॲपमध्ये 'मास्क' नावाचं जे बटण आहे, ते याच मॅटचं नातवंड.

मोडकळीला आलेली भिंत आणि काचेवरचं चित्र

आता एक उदाहरण, जे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना विशेष उपयोगी पडेल. नॉर्मन डॉन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९०७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश मिशनच्या इमारतींवर चित्रपट केला. त्यातल्या बऱ्याच इमारती पडझड झालेल्या होत्या. डॉनने कॅमेऱ्यासमोर मोठी काच उभी केली आणि मोडलेल्या भागाच्या नेमक्या समोर, काचेवर, तो भाग जसा पूर्वी असेल तसा रंगवला. कॅमेऱ्यातून बघताना रंगवलेलं छप्पर आणि खरी भिंत एकमेकांना जोडून गेली.

यात कुणाला फसवण्याचा हेतू होता असं म्हणायचं नाही. पण विचार करा, शंभर वर्षांनी एखादा संशोधक ती रिळं बघतो आणि टिपण काढतो की "१९०७ मध्ये हे छप्पर शाबूत होतं." त्याच्यासमोर पुरावा आहे, चित्र हलतंय, ऊन खरं आहे. फक्त छप्पर तेवढं रंगाचं आहे. चित्राचा भाग झाकला जातो तेव्हा दोन निर्णय होतात. एक, कुठे झाकायचं. दोन, त्या जागी काय ठेवायचं. काळी जागा ठेवली तर बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी लपवलंय. छप्पर रंगवलं तर कळतच नाही. संशोधनात यातला कोणता प्रकार चालतो आणि कोणता नाही, हे शेवटी बघू.

मुंबईतला काळा दोरा

आपल्याकडे दादासाहेब फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लागला, हे तुम्हाला माहीत असेलच. फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. छायाचित्रण आणि छपाई दोन्ही हातात बसलेलं, वर जादूचे प्रयोगही करत. मेलिएसही जादूगार आणि फाळकेही, हा निव्वळ योगायोग मानू नका. प्रेक्षकाचं लक्ष कुठे न्यायचं आणि काय त्याच्या नजरेआड ठेवायचं, हे जादूगाराचं मूळ शास्त्र. पौराणिक चित्रपटांना चमत्कार लागत होते आणि चमत्कार म्हणजे दर वेळी काहीतरी लपवणं आलंच.

पण मला तुम्हाला ज्याची ओळख करून द्यायची आहे ते बाबूभाई मिस्त्री. मूळचे सुरतचे, काम मुंबईत. त्यांची गोष्ट सांगण्याआधी दोन मिनिटं हॉलिवूडला जाऊन येऊ.

मॅटची एक मोठी अडचण होती. खिडकी जागची हलत नाही, पण माणूस हलतो. हलणाऱ्या माणसाच्या आकाराचा मॅट हवा असेल तर तो प्रत्येक फ्रेमला वेगळा लागणार. फ्रँक विल्यम्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९१८ मध्ये यावर पेटंट मिळवलं. माणसाला एकरंगी पार्श्वभूमीसमोर चित्रित करायचं आणि त्याच निगेटिव्हवरून जास्त कॉन्ट्रास्टची प्रत काढून काळी सावली तयार करायची. ती सावली म्हणजे माणसाबरोबर फिरणारा मॅट. १९३३ च्या 'द इन्व्हिजिबल मॅन'मध्ये जॉन फुल्टनने हेच तंत्र वापरलं. नटाला कपड्यांच्या आत काळ्या मखमलीत गुंडाळलं, मागेही काळी मखमल. फिल्मवर फक्त कपडे उमटले, माणूस नाहीच. मग त्या चालत्या कपड्यांचं चित्र खोलीच्या दृश्यात बसवलं. एका मिनिटात १,४४० फ्रेम असतात, हे लक्षात घेतलं की प्रयोगशाळेत किती मेहनत पडली असेल याचा अंदाज येईल.

या चित्रपटावरून स्फूर्ती घेऊन विजय भट्ट यांनी १९३७ मध्ये 'ख्वाब की दुनिया' काढला. यात अदृश्य माणसाच्या करामती दाखवायच्या होत्या. हॉलिवूडची प्रयोगशाळा मुंबईत नव्हती. बाबूभाईंनी काय केलं? वस्तू काळ्या दोऱ्याला बांधल्या आणि काळ्या पार्श्वभूमीसमोर हलवल्या. दोरा काळा, पडदा काळा, दोरा दिसेना. वस्तू आपोआप फिरताना दिसू लागल्या. यावरून लोक त्यांना 'काला धागा' म्हणू लागले!

फुल्टनची मखमल आणि बाबूभाईंचा दोरा यांत भौतिकशास्त्र एकच आहे. जे पार्श्वभूमीइतकाच प्रकाश परत पाठवतं, ते पार्श्वभूमीपासून वेगळं काढता येत नाही. साधनं कमी असताना मूळ तत्त्व पकडून काम भागवणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. निधी मंजूर होण्याची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे उदाहरण जवळचं वाटायला हरकत नाही.

निळा, पिवळा, हिरवा

रंगीत फिल्म आली आणि नवा उपाय सापडला. काळ्याऐवजी एक ठरावीक रंग लपवायचा. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलरने निळ्या पडद्याचं तंत्र रंगीत फिल्मवर वापरलं. त्यात म्हैसूरकडचा आपला साबू प्रमुख भूमिकेत होता. निळाच रंग का? कारण माणसाच्या त्वचेत निळ्याचं प्रमाण सगळ्यात कमी असतं. काळ्यागोऱ्या सगळ्या त्वचांना हे लागू पडतं.

पण निळ्या पडद्यासमोर उडते केस, जाळीचा पदर, काचेचा पेला यांच्या कडा नीट कापल्या जात नसत. यावर पेट्रो व्लाहोस या अभियंत्याने काम केलं. बीएस्सीला 'न्यूटन्स रिंग्ज'चा प्रयोग केलाय ना? त्यातला तो पिवळा सोडियमचा दिवा आठवा. त्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एका अगदी अरुंद पट्ट्यात असतो. पडदा सोडियमच्या प्रकाशाने उजळायचा, नटांवर नेहमीचे दिवे टाकायचे आणि कॅमेऱ्यात असा प्रिझम बसवायचा जो फक्त तेवढाच पट्टा वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवेल. एका फिल्मवर नट, दुसऱ्या फिल्मवर त्याच क्षणी तयार झालेला मॅट. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये नट कार्टूनच्या जगात फिरतात, ते या पद्धतीने.

पुढे टीव्हीत क्रोमा की आली आणि डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात हिरव्या पडद्याचा वापर वाढला. त्यालाही कारण आहे. कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ मध्ये पेटंट मिळवलेली सेन्सरची रचना आज बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तिच्यात दर चार बिंदूंमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. म्हणजे हिरव्याची माहिती दुप्पट, कडा जास्त स्वच्छ.

इथपर्यंत मॅट म्हणजे हातात धरता येईल अशी वस्तू होती. काच, मखमल, नाहीतर फिल्मची पट्टी. आता ती आकडा होणार आहे.

मास्कचा आकडा झाला

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी एक कल्पना मांडली. संगणकाच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. चौथा आकडा जोडायचा, तो पिक्सेल किती झाकतो हे सांगणारा. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. याला त्यांनी 'अल्फा' नाव दिलं. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशा चित्रांचे थर एकमेकांवर ठेवण्याचं बीजगणित शोधनिबंधात मांडलं. (१९०३ मधला पोर्टर वेगळा, हा वेगळा!) तुमच्या फोनमधलं एडिटिंग ॲप आजही हेच बीजगणित वापरतं.

सूत्र सोपं आहे. दिसणारा रंग = (अल्फा × वरचा रंग) + ((१ − अल्फा) × खालचा रंग).

आता खरा बदल बघा. मेलिएसच्या फिल्मवर झाकलेल्या जागी काही नव्हतं. पोर्टर आणि डफच्या जगात झाकलेल्या जागी खालचा थर जसाच्या तसा शिल्लक आहे. वरचा थर काढला, अल्फा शून्य केला, की खालचं चित्र हजर. एडिटिंगसाठी ही सोय अफाट आहे. चूक झाली तर 'अनडू'. पण झाकणं आणि पुसणं यांची फारकत झाली ती इथे.

एक हिशोब करून बघू. कागदपत्राच्या फोटोवर आधार क्रमांक लपवायचा म्हणून फोनमधल्या मार्करने काळी रेघ ओढली. समजा, त्या मार्करचा अल्फा १ नसून ०.९ आहे. काळा म्हणजे ०. मूळ कागद २०० उजेडाचा असेल तर उरतो ०.१ × २०० = २०. अक्षर ५० चं असेल तर उरतं ५. २० आणि ५ हे दोन्ही डोळ्याला काळेच. पण कुणी फोटोची ब्राइटनेस दहापट केली की पुन्हा २०० आणि ५०! अख्खा क्रमांक समोर. आपल्या डोळ्याला दिसत नाही आणि फाइलमध्ये नाही, या दोन विधानांत एवढं अंतर आहे.

घरात आलेला मास्क

हे तंत्र घरात आलं ते लग्नाच्या कॅसेटमधून. नव्वदच्या दशकातली कुठलीही कॅसेट लावा. बदामाच्या आकाराच्या चौकटीत नवरी, बाहेर गुलाबाची फुलं. व्हिडिओ मिक्सरवर केलेला तो बदाम म्हणजे मॅटच. बदामाबाहेरचं मूळ दृश्य त्या कॅसेटवर नव्हतंच, त्यामुळे तिथेही झाकलं ते गेलं. शूटिंगची मूळ टेप व्हिडिओवाल्याकडे राहिली असेल तेवढीच.

चेहरा लपवण्याचा इतिहासही याच सुमाराचा. १९९१ मध्ये अमेरिकेत एका गाजलेल्या बलात्काराच्या खटल्याचं टीव्हीवर थेट प्रक्षेपण झालं. तेव्हा फिर्यादी स्त्रीच्या चेहऱ्यावर एक गोल ठिपका ठेवला होता. २०१२ मध्ये यूट्यूबने चेहरे आपोआप ब्लर करण्याची सोय दिली आणि हे काम सगळ्यांच्या आवाक्यात आलं.

आता प्रश्न असा, की ठिपका, मोझेक आणि ब्लर हे सारखेच का? नाही.

भरीव ठिपक्याखाली, अल्फा पूर्ण १ असेल आणि फाइल नव्याने एक्सपोर्ट केलेली असेल, तर काही उरत नाही. मोझेकमध्ये मात्र प्रत्येक चौकटीची सरासरी उरते. समजा चेहरा १६० × १६० पिक्सेलचा आहे, म्हणजे २५,६०० पिक्सेल. मोझेकची चौकट १६ × १६ ची. मग उरतात १०० सरासऱ्या. एका फोटोपुरतं हे बरंच सुरक्षित वाटतं. पण व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि माणूस हलत असतो. मोझेकची जाळी तीच, तिच्याखाली चेहरा सरकतोय. प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी सरासरी. दहा सेकंदांत २५० फ्रेम, म्हणजे २५,००० समीकरणं. सगळी समीकरणं स्वतंत्र नसतात आणि हलताना चेहराही बदलतो, त्यामुळे पूर्ण चेहरा परत मिळेलच असं नाही. पण एका फोटोपेक्षा व्हिडिओ कितीतरी जास्त माहिती सांडतो.

आणि मुळात चेहरा परत मिळवायची गरजच नसते, जुळवला तरी पुरतो. नंबर प्लेटचं उदाहरण घ्या. एका जागी दहाच अंक असू शकतात. प्रत्येक अंकाचा स्वतः मोझेक करायचा आणि व्हिडिओतल्या मोझेकशी ताडून बघायचा. जो जुळला तो अंक. रिचर्ड मॅकफर्सन, रझा शोकरी आणि विताली श्मातिकोव्ह यांनी २०१६ मध्ये न्यूरल नेटवर्क वापरून हेच दाखवलं. चित्र स्वच्छ न करता, मोझेक आणि ब्लर केलेल्या चेहऱ्यांतून माणूस ओळखता येतो. आता आपल्या बचत गटाकडे वळा. गटात बायका किती? दहा-पंधरा. म्हणजे शक्य उत्तरं दहा-पंधराच. गावातल्या माणसाला तर संगणकही लागत नाही. साडी, आवाज, मागचं तुळशीवृंदावन, झालं काम.

काही प्रकार तर मुळातच उलटवता येतात. २००७ मध्ये इंटरपोलने एका गुन्हेगाराचा चेहरा जाहीर केला. त्याने स्वतःच्या फोटोंत चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मनीच्या पोलिसांनी तो पीळ उलटा फिरवला आणि चेहरा मिळाला, काही दिवसांतच तो थायलंडमध्ये पकडला गेला. तिथे ते बरंच झालं. पण गणित चांगल्या-वाईटाचा भेद करत नाही. पिळण्यात पिक्सेल जागा बदलतात, बरेचसे नाहीसे होत नाहीत.

आणि क्रॉप? कापलं म्हणजे तरी गेलं ना? २०२३ मध्ये उघड झालं की गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनात दोष होता. नवं छोटं चित्र जुन्या मोठ्या फाइलवरच लिहिलं जाई आणि जुन्या फाइलची शेपटी तशीच राहत असे. त्या शेपटीतून कापलेल्या चित्राचा काही भाग परत मिळवता येई. दोष दुरुस्त झाला, पण आधी पाठवलेल्या फाइलींचं काय? आणि हे तर तुम्ही आत्ता करून बघू शकता. वर्ड किंवा पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप करा, फाइल मित्राला पाठवा. तो क्रॉपचं बटण दाबून कापलेला भाग परत आणू शकतो. तो भाग खरोखर काढायचा तर वेगळा पर्याय निवडावा लागतो. प्रबंधात फील्डचे फोटो टाकणाऱ्यांनी हे आजच तपासावं.

मग संशोधकाने काय करायचं?

पहिलं, कायदा आणि नीती. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सहभागी व्यक्तींची गोपनीयता जपायला सांगतात. पॉक्सो कायद्याचं कलम २३ पीडित बालकाची ओळख माध्यमांतून उघड करण्यावर बंदी घालतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लैंगिक अत्याचाराच्या पीडितांबाबत तेच सांगतं. त्यामुळे "मी ब्लर केलं होतं" हे उत्तर पुरेल असं धरून चालू नका.

दुसरं, तंत्र. ओळख लपवायची असेल तर ब्लर किंवा मोझेक नको, पूर्ण अपारदर्शक, एकरंगी आकार वापरा. तो चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा ठेवा. माणूस हलतो तेव्हा मास्क कीफ्रेमने त्याच्यामागे न्यावा लागतो, तो मध्येच मागे पडतो. म्हणून माणूस फ्रेममध्ये शिरतो आणि बाहेर पडतो ते क्षण एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. एक उघडी फ्रेम पुरेशी असते, कारण व्हिडिओ कुठेही थांबवता येतो. आरसा, खिडकीची काच, भिंतीवरचा कुटुंबाचा फोटो बघा. आवाज बघा. नेहमी नवीन फाइल एक्सपोर्ट करून तीच द्या, प्रोजेक्ट फाइल कधीच नाही. फाइलबरोबर जाणारं ठिकाण, तारीख आणि थंबनेलही तपासा. मूळ चित्रीकरण कूटबद्ध करून ठेवा आणि संमतीपत्रात नष्ट करण्याची जी मुदत दिली असेल ती पाळा.

तिसरं, प्रामाणिकपणा. इथे नॉर्मन डॉनची काच आठवा. आज ॲप चेहऱ्याच्या जागी दुसरा चेहरा किंवा मागची भिंत इतकी बेमालूम भरून देतं की बघणाऱ्याला कळतही नाही. ओळख लपवायला तो मार्ग मोहक आहे, पण मग तुमचा पुरावा आणि तुमचं चित्र यांत फरक पडला. काही लपवलं असेल तर ते लपवलंय हे दिसू द्या आणि पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळी लिहा, काय झाकलं, कशाने, का. परीक्षक त्यावर प्रश्न विचारणार नाहीत असं नाही, पण उत्तर तयार असेल.

आणि चौथं, सगळ्यात जुनं. शूटिंग करण्याआधी कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवा. पाठीमागून घ्या. फक्त हातांवर, वहीवर, चुलीवर फ्रेम लावा. चेहऱ्याची गरजच नसेल तर नुसता आवाज टिपा, किंवा नुसती टिपणं काढा. मेलिएसकडे काळा कापड आणि मागे गुंडाळता येणारी फिल्म एवढंच होतं, तरी त्याने लपवलेलं आजवर कुणाला उघडता आलेलं नाही, कारण प्रकाश आत गेलाच नव्हता. तुमच्या फील्डवर्कच्या बाईला तुम्ही याहून भक्कम संरक्षण कुठल्याच ॲपमधून देऊ शकणार नाही.

नीतिशास्त्र समितीचा अर्ज भरताना 'गोपनीयता' या रकान्यात बहुतेक जण एकच ओळ लिहितात, "चेहरे ब्लर केले जातील." पुढच्या वेळी ती ओळ लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी झाकणार आहे, पुसणार आहे, की मुळात टिपणारच नाही? तिन्हींपैकी जे खरं असेल ते लिहा.

भेटू पुढच्या लेखात. तोवर तुमच्या फोनमधला एखादा ब्लर केलेला व्हिडिओ उघडा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. काय काय दिसतं ते बघून तुम्हीच चकित व्हाल!